पहिला पंधरवडा

यंत्र घरी पोचल्यावर तिसऱ्या दिवशी मी पहिला फोन करते. साधारण अकराच्या सुमाराला. घरातली सकाळची घाई तेव्हा ओसरलेली असते आणि रात्र कशी गेली हे माणसाच्या अजून लक्षात असतं. फोन लावण्याआधी त्यांच्या आधीच्या दोन रात्री माझ्या संगणकावर उघडलेल्या असतात. मास्क किती वाजता लावला, कधी काढला, हवा किती गळली, यंत्र चालू असतानाही तासाला किती वेळा श्वास अडला. सीपॅपच्या नव्या यंत्रांत सिमकार्ड असतं. सकाळ झाली की रात्रीचा सगळा हिशेब ते आपोआप पाठवतं.

“काय काका, कसं चाललंय?”

“एकदम मस्त. काही तक्रार नाही.”

आणि माझ्यासमोर आकडा असतो पस्तीस मिनिटं.

यात फसवण्याचा हेतू नसतो. मुलानं एवढे पैसे घालून आणलेलं मशिन वाया गेलं असं कुणाला वाटू नये, डॉक्टरांना वाईट वाटू नये, अशा भिडेपोटी माणूस ‘मस्त’ म्हणून मोकळा होतो. म्हणून त्या पस्तीस मिनिटांचा विषय मी काढतच नाही. “मास्क काढला तेव्हा नेमकं काय होत होतं?” एवढंच विचारते. मग एकेक बाहेर येतं. नाकात वारा घुसतो. घसा कोरडा पडतो. डोळ्यांवर हवा येते. शेजारचे विचारून गेले, दादांना ऑक्सिजनवर ठेवलंय का? नातवंडं जवळ येत नाहीत. यातलं एकही कारण रिपोर्टमध्ये लिहिलेलं नसतं, आणि यातल्याच एखाद्या कारणासाठी ते यंत्र आठवडाभरात कपाटावर जाणार असतं.

मी पुण्यातल्या एका रुग्णालयात स्लीप टेक्नॉलॉजिस्ट आहे. निदान करणं आणि उपचार ठरवणं हे आमच्या डॉक्टरांचं काम. तपासणी करणं, मास्क बसवणं, यंत्र शिकवणं आणि नंतर त्या माणसाच्या मागे राहणं, हे माझं. आधीची बरीच वर्षं रात्रपाळीत गेली. आता माझं बरंचसं काम दिवसा, फोनवर आणि व्हिडिओवर चालतं. माझे पेशंट कुडाळपासून चंद्रपूरपर्यंत पसरलेले आहेत. त्यातले काही मी प्रत्यक्ष कधीच पाहिलेले नाहीत. इथे ज्यांच्याविषयी लिहिते आहे त्यांची गावं आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

आजार, म्हणजे स्लीप ॲप्निया, थोडक्यात असा. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे जाते, आणि काहींची श्वासाची वाट त्या वेळी चक्क मिटते. छाती-पोट जोर लावत राहतात, हवा मात्र आत जात नाही. असं दहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ झालं की आम्ही तो एक ॲप्निया मोजतो. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकून जागा होतो, वाट उघडते, मोठ्यानं घोरणं पुन्हा सुरू होतं. माणसाला सकाळी यातलं काहीच आठवत नाही. त्याला फक्त डोकं जड झालेलं कळतं आणि दिवसभर पेंग येते. तासाला ५ ते १५ वेळा श्वास अडत असेल तर आजार सौम्य, १५ ते ३० मध्यम, आणि ३० च्या वर तीव्र. तासाला साठ-सत्तर वेळा अडणारी माणसंही आमच्याकडे येतात. म्हणजे मिनिटाला एकदा, सबंध रात्रभर.

आपल्याकडे हा आजार दुर्मीळ आहे असा समज होता. मुंबईत डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्यमवयीन पुरुषांचा अभ्यास करून २००४ साली तो प्रसिद्ध केला, त्यात दिवसाच्या पेंगेसह असलेला स्लीप ॲप्निया ७.५ टक्के पुरुषांत आढळला. दिल्लीच्या ‘एम्स’मधल्या डॉक्टरांनी २०२३ साली देशभरातले अभ्यास एकत्र करून अंदाज मांडला : कामाच्या वयातले सुमारे १० कोटी ४० लाख भारतीय. लठ्ठपणा हे मोठं कारण आहेच. पण आपल्याकडे अंगानं बारीक असलेल्या माणसांतही हा आजार सापडतो, कारण जबडा लहान आणि हनुवटी मागे असली तरी वाट मुळातच अरुंद असते. गायक-संगीतकार बप्पी लाहिरी फेब्रुवारी २०२२ मध्ये गेले तेव्हा डॉक्टरांनी या आजाराचं नाव घेतलं आणि ते घरोघरी पोचलं. त्यानंतरचे काही आठवडे आमचा फोन थांबत नव्हता. विचारणाऱ्या बहुतेक बायका होत्या, नवऱ्यांसाठी.

याचा उपचार, म्हणजे सीपॅप, सांगायला अगदी सोपा. नाकावर मास्क, त्याला नळी, आणि नळीतून ठरावीक दाबानं येणारी साधी हवा. हा दाब घशाची वाट मिटू देत नाही. सिडनीच्या डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये हा उपाय जगापुढे मांडला, तेव्हा पहिल्या रुग्णांच्या नाकावर मास्क अक्षरशः चिकटवलेला असे आणि हवा सोडणारी मोटर व्हॅक्यूम क्लीनरच्या जातीची होती. परिणाम पहिल्याच रात्री दिसला. आजही दिसतो. लॅबमध्ये दाब बरोबर बसला की पडद्यावरचे खड्डे भरून येतात, ऑक्सिजनची रेघ सरळ होते. माझ्या कामातला हा क्षण मला अजूनही तितकाच आवडतो.

पण लॅबमधली ती एक रात्र असते. टाळूवर, डोळ्यांच्या कडेला, हनुवटीवर, नडग्यांवर वायरी चिकटवलेल्या, छाती-पोटाला पट्टे, काचेपलीकडे मी. मास्क सरकला तर मी जाऊन नीट करत होते. घरी तो कोण नीट करणार? कोकणातून किंवा मराठवाड्यातून माणूस रात्रभर एसटीनं यायचा, दुसरी रात्र आमच्याकडे काढायचा, रिपोर्ट घेऊन जायचा, जिल्ह्याच्या ठिकाणी एखाद्या विक्रेत्याकडून यंत्र घ्यायचा. तीन महिन्यांनी या, असं आम्ही सांगायचो. बरेच जण यायचे नाहीत. जे यायचे, त्यांची पिशवी उघडली की यंत्राच्या फिल्टरची जाळी कोरी पांढरी असायची. यंत्र वापरलं आहे की नाही हे मी आधी त्या जाळीवरून ओळखायची.

या उपचाराचं सगळं दुखणं इथेच आहे. ‘सेव्ह’ नावाचा मोठा आंतरराष्ट्रीय अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेल्या रुग्णांना सीपॅप दिलं तर पुढचे झटके टळतात का, हे त्यात तपासलं होतं. टळले नाहीत. पण त्या रुग्णांनी यंत्र वापरलं होतं रात्री सरासरी ३.३ तास. उरलेली अर्धी रात्र घसा मिटतच होता. आणि माणूस यंत्र वापरणार की सोडणार हे फार लवकर ठरतं, पहिल्या आठवड्या-पंधरवड्यातच. तीन महिन्यांनी बोलावणं म्हणजे सगळं ठरून गेल्यावर बोलावणं.

मार्च २०२० मध्ये लॅब बंद झाली. मास्कमधून जोरात बाहेर पडणाऱ्या हवेबरोबर विषाणू खोलीभर पसरेल ही भीती रास्त होती. देशभर टाळेबंदी सुरू झाली त्याच २५ मार्चच्या तारखेनं केंद्र सरकारची टेलिमेडिसिनविषयीची मार्गदर्शक तत्त्वं आली. तोवर डॉक्टरांनी फोनवर सल्ला द्यावा की नाही, याबाबत सगळे चाचरत होते. आता नियम लिहून मिळाले : डॉक्टरांनी आपला नोंदणी क्रमांक सांगायचा, रुग्णाची संमती आणि नोंद ठेवायची, आणि व्हिडिओवर भागणार नाही असं वाटलं तर प्रत्यक्ष बोलवायचं, तो निर्णय डॉक्टरांचाच. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या प्रणालीनं परस्पर रुग्णाला सल्ला द्यायचा नाही, असंही त्यात स्पष्ट म्हटलं आहे. हे वाक्य मला महत्त्वाचं वाटतं, त्याकडे पुढे येते.

मग आम्ही तपासणीच घरी पाठवू लागलो. कुरियरनं एक छोटा डबा जातो. त्यात छातीचा पट्टा, नाकाखाली लावायची बारीक नळी आणि बोटाचा ऑक्सिमीटर. संध्याकाळी व्हिडिओवर मी ते लावायला शिकवते. पट्टा बनियनवरून, फार आवळायचा नाही. नळीची दोन टोकं नाकपुड्यांत, मागची बाजू कानांवरून. बोटाला नेलपेंट नको. त्याआधी डॉक्टरांनी व्हिडिओवर पाहिलेलं असतं : खिडकीकडे तोंड करून बसा, ‘आ’ करा, आवाज न काढता जीभ बाहेर काढा. कुणीतरी मोबाइलचा टॉर्च धरतं. मग मान बाजूला वळवून हनुवटी दाखवायची. गळ्याचा घेर मोजायला शिंप्याची टेप नसेल तर सुतळी चालते. गळ्याभोवती धरायची, चिमटीत पकडायची आणि पोराच्या शाळेच्या पट्टीवर ठेवायची. ४० सेंटिमीटरच्या वर गेलं की आम्ही सावध होतो. ही मापं घेताना घरातले सगळे गोळा होतात, आणि मला ते हवंच असतं. कारण झोपणाऱ्याला स्वतःची झोप माहीत नसते, ती शेजारी झोपणाऱ्याला माहीत असते.

घरच्या तपासणीची एक मर्यादा आम्ही प्रत्येकाला सांगतो. डब्याला मेंदूच्या वायरी नसतात, म्हणून माणूस खरंच झोपला होता की छताकडे बघत पडला होता हे त्याला कळत नाही. जागेपणाचा वेळही भागाकारात जातो आणि आकडा खऱ्याहून कमी येतो. त्रास भरपूर आणि रिपोर्ट चांगला, असं दिसलं तर ‘तुम्हाला काही नाही’ म्हणून सोडून देणं चुकीचं ठरेल. अशांना आजही लॅबमध्येच यावं लागतं.

कुडाळकडचे एक निवृत्त गुरुजी. प्राथमिक शाळेत सगळा जन्म गेलेला, बोलणं मोजकं आणि स्वच्छ. तासाला बेचाळीस वेळा श्वास अडत होता. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, “ह्यांचा श्वास थांबला की मी मनात आकडे मोजते. वीस झाले की हलवते.” किती वर्षं असं चाललंय, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, धाकटीच्या लग्नाच्या आधीपासून. धाकटीला आता शाळेत जाणारा मुलगा आहे.

गुरुजींनी यंत्र निष्ठेनं लावलं. तरी हवा गळत होती, इतकी की यंत्र दाब वाढवत वरच्या टोकाला जायचं आणि पहाटे ते उठून बसायचे. मास्कचा पट्टा आवळून पाहिला. नाकाच्या हाडावर वळ उठला, गळती तशीच. विक्रेत्याचं म्हणणं, माप बरोबर आहे, मी स्वतः घेतलंय. मी काकूंना सांगितलं, आज गुरुजी झोपायला जातील तेव्हाच मला व्हिडिओ लावा, नेहमीचं सगळं नेहमीसारखं होऊ द्या. त्यांनी फोन देवळीत उभा केला. गुरुजींनी चष्मा काढला, घड्याळ काढलं, मग पाठमोरे होऊन कवळी काढली आणि वाटीतल्या पाण्यात ठेवली. वळून पलंगावर बसले तेव्हा चेहरा निराळा होता. गाल आत गेलेले, ओठ खाली आलेले. विक्रेत्यानं माप घेतलं होतं दिवसा, कवळी तोंडात असताना. पूर्ण चेहऱ्याचा तो मास्क खालच्या बाजूनं नुसता हवेत टेकत होता.

दुसरी गोष्ट त्यानंतर दिसली. काकूंनी मच्छरदाणी सोडली आणि गादीखाली चारी बाजूंनी खोचली, नळीसकट. गुरुजी कुशीवर वळले की नळी ओढली जाणार आणि मास्क सरकणार हे उघड होतं. नाकापुरता लहान मास्क मागवला, आणि नळी वरून आणून मच्छरदाणीच्या कोपऱ्यातल्या नाडीलाच सैल बांधली. तोंड उघडं राहू नये म्हणून हनुवटीचा पट्टाही सुचवला होता, तो लागला नाही. त्या आठवड्यापासून त्यांचे तास सहाच्या वर गेले.

लॅबमध्ये ही कवळी मला कधीच दिसली नसती. तिथे येणारा माणूस अनोळखी बाईसमोर कवळी काढत नाही.

घरांचे असे निरनिराळे प्रश्न आहेत. कोकणात पावसाळ्यात हवा आधीच ओली; त्यात यंत्राचं पाण्याचं भांडं गरम चालू राहिलं की नळीत पाणी साठून गुडगुडतं आणि नाकात शिंतोडे येतात. तिथे ओलावा कमी करायचा. विदर्भात हिवाळ्यातल्या कोरड्या रात्री तोच वाढवायचा. भांड्यात बोअरचं पाणी घातलं तर महिन्याभरात पांढरा थर धरतो. वीज गेली तर हवा बंद होते, आणि मग ‘मास्कमध्ये गुदमरून मेलो तर?’ हा प्रश्न येतोच. मास्कला श्वास बाहेर जायची भोकं असतात आणि पूर्ण चेहऱ्याच्या मास्कला बाहेरची हवा आत घेणारी झडप असते, हे मी यंत्राची वायर काढून, माणसाला मास्क लावलेला ठेवून, व्हिडिओवरच दाखवते. सांगून ही भीती जात नाही. आणि चार दिवस माहिती आली नाही म्हणजे यंत्र सोडलं असं मी धरत नाही. मालवणकडे जोराचा पाऊस असेल तर आधी रेंज जाते.

आमच्या क्षेत्रात टेलिमेडिसिन म्हटलं की ॲप आणि आपोआप जाणारे संदेश यांचीच चर्चा जास्त होते. त्यांचा उपयोग नाही असं मी म्हणणार नाही, कारण पुरावा आहे. अमेरिकेत दक्षिण कॅलिफोर्नियातल्या कैसर परमनंटे या आरोग्यसंस्थेत साडेचौदाशेच्या आसपास रुग्णांवर झालेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना आधी फक्त माहिती देणारे कार्यक्रम ऑनलाइन दाखवले त्यांच्या वापरात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. ज्यांच्या यंत्रावर लक्ष ठेवून त्यांच्या वापरानुसार संदेश पाठवले त्यांचा वापर वाढला. नेहमीच्या उपचारात रात्री ३.८ तास होता, तो ४.४ झाला. मला यातून दिसतं ते असं की शिकवून फार होत नाही, पाठीशी राहण्यानं होतं. आपल्यावर कुणाचं तरी लक्ष आहे, हे संदेशातूनही पोचतं. पण ‘तुमच्या मास्कमधून गळती होत आहे, कृपया पट्टा आवळा’ हा संदेश गुरुजींनाही आला होता. त्यांनी पट्टा आवळला आणि नाकावर वळ उठला.

लातूर जिल्ह्यातल्या एका अंगणवाडी सेविकेची हकीकत मला सांगायची आहे, कारण बायकांच्या बाबतीत हा आजार फार उशिरा लक्षात येतो. थकवा, सकाळी डोकं दुखणं, रात्री सारखी जाग येणं, चिडचिड. थायरॉइड तपासून झालं, रक्त वाढायच्या गोळ्या झाल्या, वय झालं की होतं असं, हेही सांगून झालं. पाळी गेल्यावर बायकांत या आजाराचं प्रमाण वाढतं हे फार कुणी विचारात घेत नाही. पहिल्या व्हिडिओत त्यांचा मुलगा फोन धरून बसला होता, मागे सासूबाई. घोरता का, या प्रश्नाला त्यांनी ठाम ‘नाही’ म्हटलं.

दिवसाच्या पेंगेसाठी आमच्याकडे आठ प्रश्नांची एक पद्धत आहे, मेलबर्नच्या डॉ. मरे जॉन्स यांनी १९९१ मध्ये बनवलेली. वाचताना, टीव्ही बघताना, दुपारी पडल्यावर, गाडी सिग्नलला थांबल्यावर डोळा लागतो का, असे प्रश्न. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, दहाच्या वर गेले की पेंग जास्त. या बाईंना सगळ्यांत कमी गुण मिळाले. त्या दुपारी कधी पडतच नव्हत्या, वाचायला बसत नव्हत्या आणि गाडीही नव्हती.

दोन दिवसांनी मी त्यांना साधा फोन केला, दुपारी, अंगणवाडी सुटल्यावर. व्हिडिओ नाही. त्या एकट्याच होत्या. “ताई,” मी विचारलं, “कीर्तनाला बसल्यावर?” त्या थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “मॅडम, मी कीर्तनाला जायचंच सोडलंय.” मीटिंगमध्ये डोळा लागतो म्हणून त्या मागे उभ्या राहतात. माहेरी मुक्कामाला जात नाहीत, कारण भावजयीसमोर घोरणं बाहेर पडेल. पंढरपूरला गेल्या तेव्हा धर्मशाळेत सगळ्या झोपल्यावर त्या रात्रभर भिंतीला टेकून बसल्या होत्या. हे त्यांनी नवऱ्यालाही सांगितलेलं नव्हतं.

टेलिमेडिसिन म्हणजे व्हिडिओ, आणि व्हिडिओ जितका स्वच्छ तितका उपचार चांगला, असं मानण्याकडे कल असतो. या बाईंच्या बाबतीत चित्र नसल्यामुळे काम झालं. कुणी बघत नाही याची खात्री पटल्यावर त्या बोलल्या. तेव्हापासून बायकांना मी एक फोन बिनचित्राचा करतेच, आणि बाई एकटी असेल तेव्हा. त्यांची तपासणी झाली, आजार मध्यम निघाला, यंत्र बसलं. यंत्र कुठे ठेवायचं यावरून घरात बरंच बोलणं झालं, कारण त्या स्वयंपाकघरात झोपायच्या आणि तिथे रात्री प्लग मोकळा नव्हता. मुलानं वायर ओढून दिली.

फोनवर ज्यांचं भागत नाही अशी माणसं ओळखणं हा या कामातला सगळ्यांत जोखमीचा भाग. फार जास्त वजन, पायांवर सूज, हृदय कमजोर, वर्षानुवर्षांची बिडी आणि दमा, झोपेची किंवा अफूच्या जातीची वेदनाशामक औषधं. यांच्यात नुसता घसा मिटत नाही, श्वासच उथळ पडतो आणि रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो. बोटाचा ऑक्सिमीटर ते दाखवत नाही. मी नातेवाइकांना नडगीवर अंगठा दाबून धरायला सांगते. अंगठा काढल्यावर खळगा राहिला तर पुढचं बोलणं फोनवर नाही. सोलापूरच्या एका आजोबांचा घसा यंत्रानं उघडा राहत होता, तरी ऑक्सिजन पहाटेपर्यंत खालीच. सकाळी व्हिडिओवर ते वाक्य अर्धवट सोडून पेंगत होते. डॉक्टरांनी त्याच दिवशी जवळच्या रुग्णालयात न्यायला लावलं. त्यांना वेगळं, दोन दाबांचं यंत्र लागलं. असा माणूस नुसत्या ॲपच्या हवाली असता तर ‘तुम्ही आज सात तास वापरलंत, अभिनंदन’ असा संदेश त्याला गेला असता. मार्गदर्शक तत्त्वांतल्या त्या वाक्याचं महत्त्व मला इथे पटतं.

पैशाचं बोलायलाच हवं. यंत्राला चाळीस-पन्नास हजार सहज लागतात, मास्क दरवर्षी बदलावा लागतो, आणि विम्यातून सीपॅपचा खर्च सहसा मिळत नाही. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना ते मिळतं; अंगणवाडी सेविकेला नाही. मघाच्या त्या ताईंनी भिशी उचलली. डॉक्टरांच्या व्हिडिओला फी आहे, माझ्या तिसऱ्या दिवसाच्या फोनला कुठल्याही बिलात जागा नाही. आमच्या रुग्णालयानं हे काम चालू ठेवलं याबद्दल मी कृतज्ञ आहे. पण बहुतेक ठिकाणी यंत्र विकलं की संबंध संपतो, आणि ज्या कामानं उपचार टिकतो त्यालाच कुणी किंमत लावत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. २०२१ च्या जूनमध्ये एका मोठ्या परदेशी कंपनीनं आपली लाखो यंत्रं परत घ्यायचं जाहीर केलं. आवाज कमी करणारा आतला फोम झिजून त्याचे कण श्वासात जाण्याची शक्यता होती. विक्रेत्यांकडे पत्ते नव्हते. आमच्याकडे फोनची वही होती, म्हणून आमच्या माणसांपर्यंत निरोप पोचला.

आता एका बसचालकाबद्दल. पुणे ते नांदेड खाजगी गाडी, रात्रीची. वय बेचाळीस, अंगानं सडपातळ, दारू-तंबाखू काही नाही. अहिल्यानगरच्या पुढे एकदा गाडी रस्त्याच्या कडेला उतरली. कुणाला लागलं नाही, क्लीनरनं हाक मारली म्हणून. तो स्वतःहून आला, पण पहिलं वाक्य होतं, “मालकाला कळणार नाही ना?” आजार तीव्र होता. डॉक्टरांनी त्याला स्पष्ट सांगितलं की उपचार लागू पडेपर्यंत रात्रीची गाडी चालवायची नाही. त्यानं मालकाला पाठदुखी सांगून तीन आठवडे दिवसाची जवळची फेरी मागून घेतली. यंत्र पहिल्या रात्रीपासून लावलं. बायको म्हणाली, लग्नानंतर पहिल्यांदा हे सकाळी हाक न मारता उठले.

पुढे डॉक्टरांच्या परवानगीनं तो रात्रीच्या गाडीवर परत गेला आणि अहवाल बिघडला. एका दिवशी तीन तास, दुसऱ्या दिवशी अकरा, पुन्हा तीन. दिवसाला चार तासांची जी अट सगळीकडे लावली जाते तिच्यात तो निम्मे दिवस नापास. मी फोन केला तर तो दुखावला. “मॅडम, मी नांदेडला पण मशिन घेऊन जातो. डिक्कीत नाही, माझ्या सीटखाली.” मग तासांचा तक्ता उघडून पाहिल्यावर उलगडा झाला. यंत्राचा दिवस दुपारी बाराला सुरू होऊन दुसऱ्या दुपारी बाराला संपतो. नांदेडला तो सकाळी नऊ ते तीन झोपायचा. त्यातले तीन तास आदल्या दिवसात जायचे आणि उरलेले तीन पुढच्या दिवसात, गाडी नसलेल्या रात्रीच्या झोपेला जोडून. त्यानं एकही झोप यंत्राशिवाय काढलेली नव्हती. ज्यांनी हा हिशेब बसवला त्यांच्यासमोर रात्री झोपणारा माणूस होता. रात्रभर स्टिअरिंगवर बसणारा नव्हता.

काही दिवसांनी मालकाचा फोन आला. त्याला कुठून तरी कळलं होतं. रिपोर्ट व्हॉट्सॲपवर पाठवा, माझी गाडी आहे, चाळीस माणसं बसतात. त्याचं म्हणणं गैर नव्हतं. डॉक्टरांनी उत्तर दिलं की रुग्णाच्या लेखी संमतीशिवाय एक कागदही देता येणार नाही. आणि शेऱ्याशिवाय तो अहवाल गेला असता तर त्या ‘निम्मे दिवस नापास’वर त्याची नोकरी गेली असती. ही माहिती रोज सकाळी माझ्यापर्यंत येते ती त्या माणसाच्या उशीपासून. कुणी कधी झोपलं, कधी उठलं, हे सगळं तिच्यात असतं. बायका नवऱ्यांचे तास विचारतात, मुलं वडिलांचे. त्यांनाही मी आधी त्या माणसाला विचारते.

मी चालकाला मालकाच्या फोनबद्दल सांगितलं. तो दोन दिवस गप्प होता. मग म्हणाला, “तासांचा तक्ता काढून द्या, मीच नेतो.” तीन महिन्यांचा तक्ता डॉक्टरांच्या पत्रासह त्याला दिला. पत्रात दुपारच्या बाराचा हिशेब समजावून लिहिला होता. तो मालकासमोर बसला आणि पाठदुखीचं खरं कारणही त्यानं सांगितलं. मालकानं त्याला कामावरून काढलं नाही. उलट गाडीवरच्या आणखी दोन चालकांना आमचा नंबर दिला. त्यातल्या एकाकडे या शनिवारी तपासणीचा डबा जायचा आहे. दुसरा अजून फोन उचलत नाही.